मे महिन्यात गेम खेळताना पीसी आपोआप रीस्टार्ट होतो: खान्देशातलं नेहमीचं दुखणं आणि पार्ट निवडतानाचा हिशेब

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की मला फोन यायला लागतात. "दादा, पीसी खेळता खेळता बंद पडी जास." कधी अमळनेरातल्याच कुणाचा, कधी चोपड्याहून, कधी धुळ्याच्या मावसभावाच्या मित्राचा. तक्रार शब्दाशब्दाने सारखी. दिवाळीत जुळवलेला पीसी मार्चपर्यंत एकदाही कुरकुरला नाही, आणि आता गेम सुरू करून अर्धा तास झाला की स्क्रीन काळी होते आणि पीसी आपोआप रीस्टार्ट होतो. विंडोज दोनदा टाकून झालेलं असतं, ड्रायव्हर बदललेले असतात, दुकानदाराने रॅम खोडरबरने पुसून परत बसवलेली असते. मधेच आभाळ येतं, चार दिवस पीसी नीट चालतो आणि सगळ्यांना वाटतं की रॅमचाच घोळ होता. ऊन पडलं की पुन्हा तेच.

गेली काही वर्षं मी घरच्यांचे, मित्रांचे, ओळखीपाळखीतल्यांचे पीसी जुळवून देतो. या दुखण्यात जळालेला पार्ट मला क्वचितच सापडला. पार्ट घेताना केलेला हिशेब मात्र दरवेळी पंचवीस अंशांच्या खोलीचा आणि सरळ २३० व्होल्टच्या विजेचा निघतो. आपल्याकडे जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी चारला पंखा गरम हवाच फिरवत असतो, आणि संध्याकाळी सॉकेटमध्ये किती व्होल्ट आहेत ते मीटर लावल्याशिवाय सांगता येत नाही. एसीच्या खोलीत बसून केलेले रिव्ह्यू बघून आपण पार्ट घेतो आणि ते इथे आणून चालवतो.

आधी बघा, बंद कसा पडतो

पार्ट बदलायच्या आधी एक वही घ्या आणि आठवडाभर लिहा: किती वाजता बंद पडला, खोलीत किती तापमान होतं, लाइट इन्व्हर्टरवर होती का, कोणता गेम चालू होता. भिंतीवरचा साधा थर्मामीटर पुरतो. वाचायला कंटाळवाणं वाटेल, पण निम्मं निदान मी या वहीवरून करतो. दुपारी तीन-चारला पडत असेल तर संशय उष्णतेवर. संध्याकाळी सहा ते नऊमध्ये पडत असेल आणि रात्री अकरानंतर बिनतक्रार चालत असेल तर संशय व्होल्टेजवर.

मग पडण्याची तऱ्हा बघा. क्षणात सगळं अंधारलं, पंखे थांबले आणि लगेच पीसी स्वतःहून सुरू झाला, तर वीज नीट पोचली नाही: एसएमपीएस (कॅबिनेटमधला, सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा), यूपीएस किंवा बोर्ड. बंद पडल्यावर बटण दाबून काहीच होत नसेल, आणि मागचा खटका बंद करून मिनिटभराने लावल्यावरच चालू होत असेल, तर एसएमपीएसने ओव्हरलोड झाल्यामुळे स्वतःला तोडून घेतलेलं असण्याची शक्यता मोठी. स्क्रीन काळी, पण आवाज चालू आणि कार्डाचे पंखे एकदम जोरात, तर दोष ग्राफिक्स कार्डाकडे किंवा त्याच्या पॉवर केबलकडे. आधी गेम अडखळायला लागला, फ्रेम पडल्या आणि मग बंद, तर उष्णता.

निळी स्क्रीन येत असेल तर तिचा मार्ग वेगळा. तिथे रॅम आणि ड्रायव्हर आधी बघायचे. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने पळवणारी सेटिंग, बंद करा, रॅम मूळ वेगाने चालवा आणि दोन दिवस बघा. थांबलं तर रॅमची सेटिंग. रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम रात्रभर लावून ठेवता येतो. दोन रॅम असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवलेल्या आहेत ना, तेही बघून घ्या. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचा वरच्या श्रेणीचा प्रोसेसर असेल तर मदरबोर्डचं बायोस अपडेट आधी करा. त्या प्रोसेसरमध्ये अस्थिरता येते हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती दिली आणि वॉरंटीही वाढवली. बाराव्या पिढीला हा त्रास नाही.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टम लॉग उघडला की "कर्नल-पॉवर ४१" अशी लाल नोंद दिसते, आणि लोक घाबरून तिचा फोटो पाठवतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की पीसी नीट शटडाउन न होता बंद झाला. तिच्या तपशिलात बगचेककोड (निळ्या स्क्रीनच्या चुकीचा नंबर) शून्य असेल तर बहुधा वीजच तुटली. डब्ल्यूएचईए-लॉगरची १८ नंबरची नोंद असेल तर हार्डवेअरने स्वतः दिलेली चूक आहे: प्रोसेसर, रॅम, व्होल्टेज सेटिंग.

आता एक फुकटची चाचणी, आणि मला ती सगळ्यात आवडते. एमएसआय आफ्टरबर्नर (ग्राफिक्स कार्डाची सेटिंग बदलणारा प्रोग्रॅम) टाका, ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा, गेममध्ये फ्रेम सेकंदाला ६० वर बांधा आणि एरवी ज्या वेळेला बंद पडतो त्याच वेळेला खेळा. रीस्टार्ट थांबले तर विंडोज पुन्हा टाकायची काही गरज नाही. तुमचा पीसी जेवढी वीज मागतोय तेवढी त्याला मिळत नाही, किंवा जेवढी उष्णता तयार करतोय तेवढी बाहेर जात नाही.

चोपड्याच्या पीसीवरचं लेबल

मागच्या उन्हाळ्यात चोपड्याला आत्याकडे गेलो होतो. आतेभावाचा पीसी: रायझन ५ ५६००, आरटीएक्स ३०६०, सोळा जीबी रॅम. पार्ट चांगले. एसएमपीएसच्या खोक्यावर ठळक "५०० वॉट". आतेभाऊ म्हणाला, "दादा, दुकानवाल्यानी सांगितलं, तीनशेच लागतात, पाचशे भरपूर आहेत." मी कॅबिनेटचं झाकण काढलं आणि मोबाइलचा टॉर्च मारून एसएमपीएसच्या बाजूचं लेबल वाचलं. बारीक अक्षरांचा तक्ता होता आणि त्यात +१२ व्होल्टच्या खाली लिहिलेलं होतं १८ अँपिअर.

बाराला अठराने गुणा: २१६ वॉट. गेमिंग पीसीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, दोघंही याच १२ व्होल्टच्या लाइनवर जगतात. ३०६० कार्ड १७० वॉट खातं, ५६०० प्रोसेसर जास्तीत जास्त ७६ वॉटपर्यंत जातो. झाले २४६, आणि पंखे, एसएसडी, मदरबोर्डचं स्वतःचं खाणं अजून धरलेलंच नाही. उरलेले "वॉट" ५ आणि ३.३ व्होल्टच्या लाइनवर दाखवलेले होते, जिथे आजच्या पीसीला फार काही लागत नाही. हिवाळ्यात हा एसएमपीएस कसाबसा ओढत होता. उन्हाळ्यात आतली हवाच पन्नासच्या आसपास गेली की असल्या बेताच्या एसएमपीएसची ताकद उतरते, आणि मग गेममध्ये स्फोटाचा एखादा सीन आला, कार्डाने क्षणभर जास्त ओढलं की खेळ संपला.

हे क्षणभराचं ओढणं खरं असतं. कार्डावर १७० वॉट लिहिलेले असतात ते सरासरीचे. मिलीसेकंदाच्या हिशेबात ते त्याच्या बरंच वर उडी मारतं. म्हणूनच २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मानकात एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरता आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार सोसावा अशी अट घातली गेली.

त्याच लेबलवर दुसरी ओळ होती, इनपुटची: २००–२४० व्होल्ट. संध्याकाळी सातला मल्टिमीटर लावून सॉकेट मोजलं तर १७८. आसपासच्या विहिरींच्या मोटारी चालू झाल्या की तिथे असंच होतं, आत्याच्या घरातला पंखासुद्धा त्या वेळेला सुस्तावतो. ज्या एसएमपीएसला मुळात दोनशेच्या खाली चालायचं माहीतच नाही, त्याने १७८ व्होल्टवर गेम कसा ओढावा? चांगल्या एसएमपीएसवर इनपुट १००–२४० व्होल्ट लिहिलेलं असतं. खान्देशात पीसी जुळवणाऱ्या प्रत्येकाने या दोन ओळी, १२ व्होल्टचे अँपिअर आणि इनपुटची रेंज, दुकानातच वाचाव्यात असं मी अगदी कळकळीने सांगतो. खोक्यावरचा मोठा आकडा वाचू नका.

८० प्लसचा शिक्काही नीट समजून घ्या. ब्रॉन्झ, गोल्ड ही वीज किती वाया जात नाही याची मोजदाद आहे, आणि ती चाचणी २३ अंशांच्या हवेत होते. आपल्या मे महिन्यात तो एसएमपीएस पूर्ण भार देईल का, हे त्या शिक्क्यावरून कळत नाही. त्यासाठी कंपनीच्या माहितीपत्रकात "पूर्ण क्षमता ४० अंशांना" की "५० अंशांना" ते शोधायचं. मी पन्नासवालाच घेतो.

आतेभावाच्या कार्डाला पॉवर कशी दिलेली होती तेही सांगतो, कारण हे मी तीन-चार ठिकाणी पाहिलं आहे. एसएमपीएसला आठ पिनची केबलच नव्हती, म्हणून जुन्या चार पिनच्या दोन वायरी एका कन्व्हर्टरने जोडून आठ पिन केलेली. कन्व्हर्टर ओढून काढला तर एका पिनच्या भोवतीचं पांढरं प्लास्टिक चहाच्या रंगाचं झालेलं. आठ पिनची जोडणी १५० वॉटसाठी असते. असा कन्व्हर्टर तुमच्या पीसीत असेल तर बाकीचं निदान राहू द्या, तो आजच काढा.

यूपीएस, इन्व्हर्टर, स्टॅबिलायझर

"लाइट गेली तरी ब्राउझिंग करताना पीसी चालू राहतो, गेममध्येच का पडतो?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॉट. वरचाच पीसी धरा: गेममध्ये आत ३०० वॉट खातो. एसएमपीएसमध्ये पंधरा टक्के वाया जातात असं धरलं तर भिंतीतून साडेतीनशे. त्यात मॉनिटरचे तीस. ३८० झाले, आणि यूपीएसची ताकद ३६०. लाइट असताना यूपीएस नुसता वीज पुढे ढकलत असतो म्हणून कळत नाही. लाइट गेली, भार बॅटरीवर आला की तो हात वर करतो. गेमिंग पीसीला १००० व्हीए, ६०० वॉटच्या खाली जाऊ नये असं माझं मत आहे. बॅटरीवर शुद्ध साइन वेव्ह देणारा मिळाला तर पैसे वाढवून तोच घ्या. स्वस्त यूपीएसच्या पायऱ्यापायऱ्यांच्या लहरीवर ॲक्टिव्ह पीएफसीचे (भिंतीतून वीज सुरळीत ओढणारं सर्किट असलेले) काही एसएमपीएस कुरकुरतात आणि बंदही पडतात.

इन्व्हर्टरवर पीसी असेल तर त्याच्या मागचा खटका बघा. बऱ्याच इन्व्हर्टरना "यूपीएस" आणि "इको" असे दोन मोड असतात. इको मोडमध्ये बॅटरीवर पलटायला जास्त वेळ लागतो. वीज तुटल्यावर एसएमपीएसने साठवलेल्या विजेवर सोळा-सतरा मिलीसेकंद तग धरावा अशी अपेक्षा असते, आणि स्वस्त एसएमपीएस पूर्ण भारावर तेवढाही धरत नाही.

टीव्हीचा जुना रिलेवाला स्टॅबिलायझर पीसीला लावलेला असेल तर काढून बघा. व्होल्टेज हललं की तो "टक" असा आवाज करतो, त्या क्षणाला पुरवठा तुटतो, आणि बेताचा एसएमपीएस तेवढ्यात पीसी पाडतो. मी दोन घरांतला रीस्टार्टचा त्रास नुसता स्टॅबिलायझर काढून मिटवला आहे. इनपुट १००–२४० असलेल्या एसएमपीएसला त्याची गरजही नाही.

आणि अर्थिंग. कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरची थोडी गळती अर्थिंगमधून जायला हवी. अर्थिंगच नसेल तर ती तुमच्या बोटातून जाते. दोन पिनच्या एक्स्टेंशन बोर्डावर पीसी कधीच लावू नका. वायरमनला बोलावून फेज-अर्थ व्होल्टेज मोजून घ्या; ते फेज-न्यूट्रलच्या जवळपास यायला हवं. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा खडखडीत कोरडा पडतो आणि हिवाळ्यात बरी असलेली अर्थिंग मे महिन्यात नावापुरती उरते. त्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतायची जुन्या वायरमनांची सवय अगदी बरोबर आहे.

उष्णतेचा हिशेब

पंख्याने थंड होणाऱ्या पीसीत खोली जितके अंश तापते, जवळपास तितकेच अंश प्रोसेसर तापतो. खोली २५ ला असताना गेममध्ये प्रोसेसर ७२ वर असेल, तर खोली ४२ ला गेल्यावर तो ८९ च्या आसपास जाणार. रायझन ५ ५६०० ची मर्यादा ९० आहे. म्हणजे जानेवारीत ज्याला "एकदम थंड चालतो" म्हणालात तो मे महिन्यात काठावर बसलेला असतो. वॉटर कूलिंग लावून हा हिशेब चुकत नाही, कारण त्याचा रेडिएटरही त्याच खोलीच्या हवेने थंड होतो. माझ्या मते मध्यम बजेटच्या पीसीला १२० मिलिमीटर पंख्याचा एक टॉवर एअर कूलर भरपूर आहे, आणि वाचलेले पैसे एसएमपीएसमध्ये घालावेत.

रायझन ७०००वाल्यांनी मात्र ९५ दिसलं म्हणून घाबरू नये. ७६००एक्ससारखे प्रोसेसर पूर्ण भारावर ९५ पर्यंत जाऊन तिथेच वेग सांभाळतात, ती त्यांची रचनाच आहे. बायोसमध्ये प्रोसेसरचा इको मोड (कमी विजेवर चालवणारी सेटिंग) लावला तर गेममध्ये फरक जाणवत नाही आणि खोलीत कमी उष्णता पडते. एनव्हिडियाची बरीच कार्डं ८३ अंशांच्या आसपास स्वतःहून वेग उतरवू लागतात. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये प्रोसेसर आणि कार्डाचे हे दोन्ही आकडे गेम चालू असताना लिहून ठेवा.

मग कॅबिनेटची बाजूची काच काढून तोच गेम तेवढाच वेळ खेळा. तापमान आठ-दहा अंशांनी उतरलं तर दोष कॅबिनेटचा आहे. समोर अखंड काच आणि तिच्यामागे तीन रंगीत पंखे, असली कॅबिनेटं दिसायला छान असतात, पण त्या पंख्यांना हवा घ्यायला कडेची बोटभर फटच असते. आपल्याकडे समोर जाळी असलेलंच कॅबिनेट घ्यावं. समोर दोन पंखे आत हवा घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा, आणि जाळीच्या आत काढून धुता येईल असा फिल्टर.

फिल्टर का, ते धरणगाव-चोपड्याकडच्यांना सांगायला नको. दिवाळीनंतर कापसाच्या जिनिंग सुरू झाल्या की रुईचे बारीक तंतू हवेत असतात. आतेभावाच्या कूलरचा पंखा काढला तेव्हा खाली फिन्स (उष्णता सोडणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्या) दिसतच नव्हत्या. पातळ गोधडीसारखा करडा थर बसलेला होता. चिमट्याने एक टोक धरून ओढला तर अख्खा एका तुकड्यात निघाला. नुसत्या ब्लोअरने हा थर आणखी आत जाऊन बसतो, म्हणून आधी पंखा काढा, थर हाताने काढा, मग ब्लोअर मारा, आणि मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. मार्चच्या शेवटी एकदा हे केलं की उन्हाळा निभावतो. दोन वर्षं झाली असतील तर थर्मल पेस्टही त्याच वेळेला बदला.

पाण्याचा कूलर लावता का? मे महिन्यात आपली हवा कोरडी असते, कूलर खोली छान उतरवतो आणि पीसीलाही फायदा होतो. फक्त त्याचा झोत सरळ कॅबिनेटवर येऊ देऊ नका. पाण्याचे बारीक थेंब आत जातात, बोअरच्या पाण्यातला क्षार पांढऱ्या डागांनी मदरबोर्डवर बसतो. पाऊस लागला की कूलर बंद.

नवीन जुळवत असाल तर

लोक कार्डापासून सुरुवात करतात आणि उरलेल्या पैशांत एसएमपीएस आणि कॅबिनेट बसवतात. मी उलटा येतो: एसएमपीएस, कॅबिनेट, यूपीएस यांचे पैसे आधी बाजूला काढतो, मग उरलेल्यातून प्रोसेसर आणि कार्ड. तीनशे वॉट खाणाऱ्या पीसीला ५५० ते ६५० वॉटचा, १२ व्होल्टवर ४५ अँपिअरच्या आसपास देणारा. कार्ड निवडताना वॉटकडेही बघा. ४०६० कार्ड ११५ वॉटमध्ये ३०६० च्या बरोबरीने आणि बऱ्याच गेममध्ये पुढेही चालतं; ५५ वॉटची उष्णता तुमच्या खोलीत कमी पडते आणि यूपीएसही जास्त वेळ टिकतो. ३०६० ला १२ जीबी मेमरीचा फायदा आहे, ४०६० ला आठच. ज्याला व्हिडिओ एडिटिंग करायचं आहे त्याला मी अजूनही त्या बारा जीबीचा विचार करायला सांगतो. प्रोसेसरला आय५ १२४००एफ किंवा रायझन ५ ५६०० या गटातलं काहीही आपल्या हवेत समाधानाने चालतं. त्याच्यासोबत येणारा छोटा कूलर मात्र उन्हाळ्यात पुरत नाही.

आतेभावाच्या पीसीला जळगावहून ६५० वॉटचा एसएमपीएस आणि टॉवर कूलर आणला, समोरची काच काढून जाळी लावली, यूपीएस हजार व्हीएचा केला. कार्ड, प्रोसेसर, रॅम होते तेच. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला, खोलीत ४१ अंश असताना, दोन तास गेम लावला. प्रोसेसर ८० ला थांबला, कार्ड ७६ ला. मधेच मी यूपीएसची पिन भिंतीतून ओढली, आतेभाऊ खेळतच राहिला. जुना एसएमपीएस आत्याने माळ्यावर टाकला आहे. त्याच्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत "१८ अँपिअर" लिहून ठेवलंय, म्हणजे घरातल्या दुसऱ्या पीसीला कुणी तो लावणार नाही.